बंब ठेवायचा की सोलर घ्यायचं?

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत विषय एकच आहे. गॅस, वीज, सोलर, गोबरगॅस यांतलं घराला परवडेल काय आणि टिकेल काय? मी आयटीआयमध्ये वीजतंत्रीच्या पोरांना शिकवायचो. तिथली सवय अजून सुटलेली नाही, उत्तर देण्याआधी वही-पेन्सिल काढतो. ज्यांना नुसतं 'हे घेऊन टाका' एवढंच ऐकायचं असेल त्यांनी दुकानात जावं, तिथे ते लगेच ऐकायला मिळतं.

प्रश्न : आमचं घर तासगाव तालुक्यात, गावाबाहेर वस्तीवर आहे. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दोन एकर द्राक्षबाग, दोन म्हशी, एक गाय. सिलिंडर जेमतेम महिनाभर पुरतं. मागच्या वर्षी बाथरूममध्ये गीझर बसवला, तेव्हापासून थंडीतलं बिल २१० युनिटांवर गेलंय. परसात पाणी तापवायचा तांब्याचा बंब आहे, सासूबाई म्हणतात तोच पेटवा. मिस्टर म्हणतात इंडक्शन घेऊ, गॅस वाचेल. एक सोलरवाला 'तीन किलोवॅट बसवा, बिल शून्य' असं सांगून गेला. शेजारी गोबरगॅसचं सुचवतात. हातात ६०,००० रुपये आहेत. काय करावं?
(एक भगिनी, तासगाव तालुका)

उत्तर : ताई, तुमच्याकडे सल्लागार आधीच पुष्कळ आहेत. त्यांत सासूबाईंचं म्हणणं मला सगळ्यांत जास्त पटलं. का ते सांगतो.

आंघोळीचं पाणी ४२ अंशांपर्यंत तापलं की काम झालं. भाकरीचा तवा त्याच्या कितीतरी वर जातो. पंख्याला आणि दिव्याला मात्र वीजच लागते, तिथे दुसरं काही चालत नाही. म्हणून 'आमच्या घराला कोणती ऊर्जा चांगली' असं विचारूच नका. पाण्याला कोणती, भाकरीला कोणती, पंख्याला कोणती, असे तीन वेगळे प्रश्न करा.

पाण्यापासून सुरुवात करू. २० लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं. सहा माणसं, सहा बादल्या, म्हणजे रोज तीन युनिटं आणि महिन्याला ९०. गीझर चालू ठेवून मुलांना हाका मारत बसण्यात जी उष्णता वाया जाते ती यात धरलेली नाही. तुमच्या २१० मधून ९० काढली तर १२० उरतात. बाकी सगळं घर तेवढ्यात चालतंय.

आता ही ९० युनिटं कितीला पडतात ते बघा. घरगुती दराचे टप्पे असतात. पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० या टप्प्याचा दर त्याच्या जवळजवळ दुप्पट, पुढे आणखी चढता. वर १६ टक्के वीज शुल्क. लोक एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागतात आणि 'आम्हाला युनिट इतक्याला पडतं' म्हणतात. तो आकडा फसवा आहे. तुमच्या गीझरची ९० च्या ९० युनिटं वरच्या, महाग टप्प्यात बसलेली आहेत. बिलातलं शेवटचं युनिट कितीला पडलं ते शोधा. काटकसर तिथूनच करायची असते.

तुमच्या बागेत एप्रिलला खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. काड्यांचे ढीग बांधावर पडतात आणि बरेच जण ते तिथेच पेटवून मोकळे होतात. त्यातल्या चार-दोन मोळ्या वाळवून शेडमध्ये टाकल्या तरी बंबाचं थंडीतलं बरंचसं काम निघतं. पण बंब उघड्यावरच हवा, खिडकीखाली नको, आणि काड्या खडखडीत वाळलेल्या हव्यात, ओल्या काड्यांचा धूर घरभर होतो. बागेवर बोर्डो मारलेलं असतं, म्हणजे मोरचूद आणि चुना, इतर औषधं वेगळीच. म्हणून या काड्यांवर स्वयंपाक नको आणि त्यांची राख भांडी घासायला अजिबात नको. उरलेल्या काड्यांचा यंत्रावर भुगा करून बागेतच टाका, जमिनीला तोही हवा असतो.

राहता राहिला प्रश्न पहाटे बंब पेटवणार कोण याचा. सासूबाई सुचवतात आणि तुम्ही फुंकणी घेऊन बसता, असं होणार असेल तर माझा सल्ला बदलेल. मग उन्हावरचा पाण्याचा हीटर घ्या. सहा माणसांना २०० लिटरचा पुरतो आणि तुमच्या पैशांत तो सहज बसतो. त्याला आता केंद्राचं अनुदान मिळत नाही, कोणी 'मिळवून देतो' म्हणालं तर वाट दाखवा. घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, थंड पाण्याची टाकी हीटरच्या टाकीपेक्षा उंचावर आहे का; नसेल तर साधा हीटर नीट भरणार नाही, पाया उंच करावा लागेल. दुसरी, पाणी बोअरचं आहे का. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की काचेच्या नळ्यांत आणि टाकीत पांढरा थर धरतो आणि काही वर्षांत पाणी नुसतं कोमट यायला लागतं. नळयोजनेचं पाणी त्या टाकीला जोडता आलं तर उत्तम. पावसाळ्यात ढग असले की हीटर मंदावतो, तेव्हा बंब आहेच. गीझर भंगारात टाकू नका, पण त्याच्या बटणाला सगळ्यांचे हात सारखे जाणार नाहीत असं बघा.

आता मिस्टरांचं इंडक्शन. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. चांगली शेगडी त्यातली ६८ टक्के किंवा थोडी जास्त भांड्याला देते, म्हणजे १२० च्या वर थोडं. इंडक्शन ८५ टक्क्यांच्या आसपास देतं. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला १४० ते १४५ युनिटं लागतील. तुमच्या सिलिंडरच्या किमतीला १४० नं भागा. ८६० रुपये धरले तर सहाच्या थोडं वर येतं. तुमचं शेवटचं युनिट शुल्कासकट सहाच्या खाली पडतंय का? पडणार नाही. पहिल्या टप्प्यातच कशीबशी बरोबरी होते, दुसऱ्यात उघड तोटा. गॅस वाचवायला निघालात आणि महिन्याला १४० युनिटं वाढवलीत तर ती सगळी महाग टप्प्यात जातील. शिवाय बुडाला खोलगट असलेला तुमचा भाकरीचा तवा त्यावर चालणार नाही, ॲल्युमिनियमचं पातेलं चालणार नाही, आणि भाकरी शेवटी विस्तवावर फुगवायला गॅस लावावाच लागेल. चहा, दूध, मुलांची मॅगी एवढ्यापुरतं घेतलं तर माझी हरकत नाही.

गोबरगॅस मात्र तुमच्या घरासाठीच बनलेली गोष्ट आहे. गोठ्यात बांधलेली म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, गाय १०. तिघींचं ४० किलो धरा. किलोला ४० लिटर गॅस, म्हणजे रोज दीड घनमीटरच्या वर. एक घनमीटर गोबरगॅस म्हणजे साधारण ४५० ग्रॅम सिलिंडरचा गॅस. कागदावर महिन्याला २० किलो निघतात. कागदावर विश्वास ठेवू नका, थंडीत गॅस कमी होतो, जनावर कधी चरायला जातं, कधी आटतं. पाऊण पट धरलं तरी १५ किलो, म्हणजे एक सिलिंडर. तुमची महिन्याची गरज तेवढीच आहे. दोन घनमीटरचा दीनबंधू पद्धतीचा प्लांट, विटांचा घुमट जमिनीत असलेला, तुम्हाला पुरेल. अनुदानाची चौकशी पंचायत समितीत कृषी विभागाकडे करा, आणि बांधकाम सुरू करण्याआधी करा.

खरा फायदा तर शेणातला गॅस काढून झाल्यावर सुरू होतो. द्राक्षबागेला शेणखताच्या ट्रॉल्या विकत घेता ना? प्लांटमधून बाहेर पडणारी स्लरी हे तयार खत आहे. शेण जाळून गॅस केला म्हणजे खत गेलं, असा समज अजून ऐकू येतो. गॅसमधून मुख्यतः कर्ब निघून जातो, नत्र स्लरीतच राहतं. चुलीत गोवरी घातली तर मात्र नत्राला मुकलात.

तरीही गावोगाव बंद पडलेले प्लांट दिसतात, घुमटावर गवत उगवलेलं. त्याचं कारण मला बहुतेक ठिकाणी एकच दिसलं. शेण आणि पाणी बरोबरीनं कालवायचं काम रोज कोणाचं हे ठरलेलं नव्हतं आणि ते आपोआप घरातल्या सुनेवर आलं. तिला बाकीची कामं होतीच. तेव्हा ताई, खड्डा खणायच्या आधी हे मिस्टरांकडून कबूल करून घ्या. शेणात हात घालायची त्यांची तयारी नसेल तर प्लांट बांधू नका, पैसे हीटरला लावा.

सोलरवाल्याचं शेवटी. एक किलोवॅटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट सावलीविना जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर ते रोज चार युनिटं देतात, महिन्याला १२० च्या आसपास. गीझर बंद झाल्यावर तुमचा वापर तेवढाच आहे. मग तीन किलोवॅट कशाला? जादा झालेली युनिटं लाइनीत जातात आणि पुढच्या महिन्याच्या बिलात धरली जातात, पण मार्चअखेर हिशोब होतो आणि शिल्लक युनिटांना तुम्ही विकत घेता तो दर मिळत नाही. त्या युनिटांवर विहिरीची मोटर चालवू म्हणाल, तर शेतीपंपाचं कनेक्शन वेगळं, ते यात येत नाही. आणि 'बिल शून्य' हे अर्धसत्य आहे, स्थिर आकार राहतोच.

२०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये अनुदान आहे. पहिल्या दोन किलोवॅटना भरघोस, तिसऱ्याला कमी, त्यापुढे काही नाही. अनुदान तुमच्या खात्यावर नंतर जमा होतं, आधी पैसे किंवा कर्ज तुम्हालाच उभं करायचं असतं. पॅनेल देशी बनावटीचे हवेत आणि बसवणारा योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा.

तेव्हा माझा क्रम असा. गीझर आजपासून बंद, बंब चालू, याला खर्च नाही. मिस्टर कबूल झाले तर या वर्षी गोबरगॅस. पुढच्या हंगामाच्या पैशांतून पाण्याचा हीटर. एक किलोवॅट सोलर त्याही नंतर, आणि तोवर दर काय होतात ते बघून. सिलिंडरचं कनेक्शन सोडू नका. पाहुणे आले, म्हैस आजारी पडली, प्लांट रुसला, असे दिवस येतातच.

प्रश्न : सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे, तळमजला आणि वर एक खोली. मुलं बाहेरगावी, आम्ही दोघंच. वयामुळे सिलिंडर उचलणं होत नाही. तीन किलोवॅट सोलर, इन्व्हर्टर-बॅटरी आणि इंडक्शन घेऊन गॅस कायमचा सोडावा का?
(निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : गुरुजी, बेत चांगला आहे. पण गावभागात, नदीकाठच्या जुन्या सांगलीत राहून तुम्ही तो आखताय, म्हणून २०१९ चा पूर आठवायला सांगतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. अशा वेळी सुरक्षिततेसाठी वीज तोडली जाते आणि ती कधी परत येईल हे पाणी ठरवतं.

तेव्हा छतावरचं सोलर उपयोगी पडेल असं बहुतेकांना वाटतं. साधं ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेलं, सोलर पडत नाही. बाहेरची लाइन गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज खांबावर चढलेल्या वायरमनला लागेल. वर ऊन लखलखीत असलं तरी घरात अंधार. लाइन गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तो महाग असतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. घेतलात तर तो वरच्या खोलीत बसवा. इन्व्हर्टरवाले सोय बघून जिन्याखाली बसवतात, गावभागात जिन्याखाली म्हणजे पुरात. बॅटरीवर इंडक्शन चालवायला जाऊ नका, दिवे, पंखे आणि मोबाइल पुष्कळ झाले.

गॅस सोडू नका. उचलायचा त्रास असेल तर पाच किलोचं छोटं सिलिंडर ठेवा. दोघांच्या रोजच्या स्वयंपाकाला इंडक्शन जरूर वापरा, दोन माणसांचं बिल पहिल्या टप्प्यात राहण्याची शक्यता आहे आणि तिथे ते परवडतं. पुराचा इशारा आला की सिलिंडर वर न्यायला शेजारच्या पोरांना सांगा आणि साखळीनं बांधा. आपल्याला वाटतं भरलेलं सिलिंडर बुडेल. ते तरंगतं. मोठ्या सिलिंडरात ३३ लिटर पाणी मावेल एवढी जागा आणि भरलेलं वजन ३० किलोच्या आसपास, मग बुडेल कसं? रेग्युलेटर काढून टोपी घट्ट लावा. पाणी उतरल्यावर वायरिंग आणि अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच वर करू नका.

प्रश्न : साताऱ्यात शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. छत आमचं नाही, घर आमचं नाही. आमच्यासारख्यांनी काय करायचं?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : जे घर सोडताना बरोबर नेता येईल त्यात पैसे घाला. पहिलं नाव बीएलडीसी पंख्याचं, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या पंख्याचं. साधा पंखा ७५ वॉटचा, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास फिरला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात. तीन पंखे बदलले तर तुम्ही १०० च्या टप्प्याच्या खालीही येऊ शकाल, आणि मग फरक नुसत्या युनिटांचा राहत नाही. कुकर इंडक्शन बुडाचा घ्या, डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून लावा. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो आज बाहेर काढा किंवा तिथे कायमची उघडी राहणारी जाळी बसवा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही.

मालकाला एक सुचवून बघा. सोसायटीच्या पंपाला, लिफ्टला आणि जिन्यातल्या दिव्यांना सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. मेंटेनन्स कमी झाला तर तुमच्याही खिशाला बरं.

प्रश्न : मी बारावीत शिकतो, गाव पाटण तालुक्यात. कोयना आमच्याकडे, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आमच्याकडे. मग आमची वीज स्वच्छच झाली ना? इंडक्शन वापरलं तर प्रदूषण कमीच होणार. आणि घरावर छोटी पवनचक्की लावता येईल का?
(विद्यार्थी, पाटण तालुका)

उत्तर : कोयना १,९६० मेगावॅटची, अभिमान वाटायलाच हवा. पण तिची मोठी वीजघरं सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या बाजूला आहेत आणि तिथली वीज राज्याच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यात जाते. त्याच जाळ्यात चंद्रपूर-कोराडीची कोळशाची वीजही येते. तुझ्या तारेत कोणती आली हे वेगळं काढता येत नाही. शिवाय कोयनेचं पाणी मोजून वापरावं लागतं, म्हणून ती मागणी चढते त्या वेळांसाठी राखून चालवतात.

देशाच्या जाळ्यातल्या एका युनिटामागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. वर तासगावच्या ताईंना सांगितलेला हिशोब घे. एका सिलिंडरचा स्वयंपाक म्हणजे १४० युनिटं, म्हणजे १०० किलोच्या आसपास. तेच सिलिंडर जाळलं तर ४२ किलो. धक्का बसला ना? आज जाळ्यातल्या विजेवरचं इंडक्शन गॅसपेक्षा जास्त कर्ब सोडतं. घरात धूर नाही हे खरं, तो धूर चंद्रपूरला निघतो. छतावर स्वतःचं सोलर असेल आणि डाळ-भात भर दुपारी होत असेल तर हिशोब पालटतो. जाळ्यातला कोळसा कमी होत गेला तरी पालटेल. तुझ्या पिढीला तो पालटलेला दिसावा.

पवनचक्कीचं म्हणशील तर वाऱ्याची ताकद वेगाच्या घनानं बदलते. वेग निम्मा झाला की वीज एक अष्टमांश. पठारावर उंच मनोऱ्यावर मिळतो तो वारा घराच्या पत्र्यावर मिळत नाही, झाडांनी आणि भिंतींनी तो मोडलेला असतो. म्हणून घरावर चक्की नको. मोठ्या चक्क्यांचं मात्र कौतुक कर. त्या जून ते ऑगस्टमध्ये जोरात फिरतात, आणि तेव्हाच सोलर ढगांखाली झोपलेलं असतं.

तुझ्याच तालुक्यात मान्याचीवाडी आहे, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालेली. सुट्टीत जाऊन ये. तिथल्या लोकांना जुलै-ऑगस्टचं वीजबिल दाखवायला सांग, जानेवारीचं सगळेच हौसेनं दाखवतात. आकडे लिहून आण आणि मला कळव.